लाईट जाण्याची वाट बघणाऱ्या बाई

डोंबिवलीतल्या आमच्या नव्या सोसायटीत लाईट गेली की सगळे वैतागतात. घरून काम करणारा मी तर सर्वांत जास्त. शेजारच्या बाई मात्र लगबगीने पदर खोचतात. त्यांचं नाव मला अजून ठाऊक नाही.

एकदा पॅसेजमध्ये मी वीजवाल्यांच्या नावाने शंख करत होतो, तर त्या हसून म्हणाल्या, "अहो, गेली ते बरंच झालं. आता यांची मूठ सुटेल."

"कुणाची मूठ?" मी विचारलं. मग त्यांनी सांगितलं. लाईट गेली की लिफ्टसाठी जनरेटर सुरू होतो आणि बिल्डरने केलेल्या सोयीमुळे त्याच्या इंजिनाच्या उष्णतेवर तापलेलं पाणी आमच्या नळांना येतं. त्यांच्या यजमानांना अर्धांगवायू झालाय. "गीझरचं बादलीभर पाणी कुठे पुरतं? हे कसं धो धो येतं!" त्या धारेखाली हात धरला की त्यांची आखडलेली बोटं हळूहळू उघडतात.

काल ऐन मीटिंगमध्ये दिवे लुकलुकले. देवाकडे नेमकं काय मागावं, तेच मला कळेना. भिंतीपलीकडे नळ सोडल्याचा आवाज आला. तेवढ्यात दिवे स्थिरावले.

नळ बंद झाला.