आधी मूठ, मग भाकरी

लातूर जिल्हा वेगळा झाला त्या वर्षी मी देवाशी बोलणं टाकलं होतं. गळ्यात लिंग होतं, कपाळाला विभूतीही लागायची, पण ती हाताच्या सवयीने. मालक जाऊन दोन वर्षं झाली होती आणि पदरात सात वर्षांची नंदा होती. नवा जिल्हा म्हणजे नव्या शाळा निघणार, मास्तरणी लागणार, असं जो तो म्हणे. म्हणून मुखेडजवळचं माहेर सोडून मी लातूरच्या अध्यापक विद्यालयात नाव घातलं आणि गंज बाजाराच्या मागच्या गल्लीत एक खोली भाड्याने घेतली. सरकारला जिल्हा करायचं सुचलं, पाऊस पाडायचं मात्र वर बसलेल्याला सुचेना. घागरभर पाण्यासाठी टँकरमागे धावायचं आणि नंतर वर्गात बसून बालमानसशास्त्र शिकायचं, अशी माझी तऱ्हा होती.

विद्यावेतन मिळे, पण त्याला यायची घाई नसे. आलं की मी दुकानदाराची उधारी फेडी, नंदाला काहीबाही घेई आणि आठवड्यात हात रिकामे. मग पुन्हा उधारी. सगळ्यात वाईट म्हणजे, घरात काय उरलंय हे मी कधी बघतच नसे. ज्वारीच्या डब्यात नंदाच मापटं बुडवी. तळ दिसेल या भीतीने मी त्यात डोकावत नव्हते. भविष्यात लेकरांना हिशेब शिकवणार होते मी, आणि घरच्या डब्याला भीत होते.

आम्हा लिंगायतांत चूल पेटवण्याआधी धान्यातून जंगमाच्या, म्हणजे दारोदार फिरणाऱ्या गुरूच्या, नावाने एक मूठ बाजूला काढतात. सोमवारी स्वामी घंटा वाजवत येतात, तेव्हा ती त्यांच्या झोळीत घालायची. आईने ही रीत मला लहानपणी लावली होती. दुष्काळात मला काटकसर सुचली ती नेमकी इथे. भाडं कमी होईना, पाणी स्वस्त होईना, मग देवाची मूठ बंद केली. पुढच्या सोमवारी म्हातारे स्वामी दारात आले, तेव्हा मी सरळ सांगून टाकलं, "स्वामी, आज काही नाही. पुढच्या सोमवारीही नसेल."

ते रागावले नाहीत. उंबऱ्याशी टेकले, पायरीवर खेळणाऱ्या नंदाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "देऊ नको माय, पर मूठ बंद करू नको. मडक्यात टाकत ऱ्हा. मी येईन तवा नेईन."

मला चीडच आली. आम्ही इथे पोटाला चिमटा घेतोय आणि यांना मुठीची पडली आहे. पण आईची शिकवण आडवी आली. दुसऱ्या दिवशी चुलीपाशी एक रिकामं मडकं मांडलं, ज्वारीला कीड लागू नये म्हणून त्यात कडुलिंबाचा पाला टाकला आणि फणकाऱ्यानेच पहिली मूठ काढली.

आता मूठ काढायची तर डब्यात हात घालावा लागतो, आणि हात घातला की डोळेही आत जातात. सकाळ-संध्याकाळ मला डबा दिसू लागला. ज्वारी कुठवर आली, किती दिवस पुरेल, हे न मोजता कळायला लागलं. ज्या भाकरी उरून वाळत, तेवढ्या कमी थापल्या. उधारीवर येणारी साखर निम्मी केली. विद्यावेतन आलं की तिथेही तीच रीत लावली. आधी भाड्याची मूठ, मग धान्याची, उरलं त्यात बाकीचं. दोन-तीन महिन्यांत दुकानदाराच्या दारावरून मी मान वर करून जाऊ लागले. हे सगळं कुणी शिकवलं, असा विचारही तेव्हा मनात आला नाही.

स्वामी मात्र पुन्हा आले नाहीत. कितीतरी सोमवार गेले, मडकं गळ्यापर्यंत भरलं. मी कुरकुर करी, "न्यायचं नव्हतं तर सांगितलं कशाला?"

उन्हाळ्यात शेवटची परीक्षा तोंडावर आली आणि विद्यावेतन अडकलं ते अडकलंच. दर हंगामाला ज्वारीचं पोतं पाठवणारा धाकटा भाऊ यंदा रिकाम्या हाताने आला. "आक्का, रानात काईच न्हाई बघ. चल घरी. तुमी दोगी आमाला जड न्हाईत. पर शाळा पुरे झाली आता." त्याचं काय चुकलं होतं? डब्याचा तळ मला दिसत होता आणि पुन्हा उधारी करायची नाही, ही शपथ होती. त्याला म्हटलं, आठवड्यात येते. तो गेल्यावर मी खूप रडले. एवढं सावरून आणलेलं घर काठावर येऊन बुडत होतं.

जाण्याआधी देवाचं देवाला द्यावं म्हणून मडकं डोक्यावर घेऊन मी स्वामींच्या मठात गेले. स्वामी देगलूरकडे गेले होते. त्यांच्या बायकोने मडकं उतरवून घेतलं, आत पाहिलं आणि हसली.

"ह्यांनी तुमची गल्ली सोडली, माय. म्हणले, लेकुरवाळी एकटी बाई हाय, दुष्काळात तिच्या दारात झोळी न्यावी का? पर मूठ बंद पडू नये म्हणले."

"मग याचं काय करू?"

"घरी न्या. लेकरू जेवलं की जंगम जेवला."

मठाच्या ओसरीवर मी मडक्याला धरून बसले आणि कित्येक महिन्यांनी शिवाचं नाव मनापासून तोंडात आलं. ज्याच्यावर रुसले होते, तो माझ्याच हाताने माझी बेगमी करत होता. स्वामींनी हे पुढचं पाहून केलं की नुसतं दयेपोटी, मला ठाऊक नाही. ते मी कधी विचारलंही नाही.

घरी येऊन दळणासाठी ज्वारी ओतायला मडकं वाकवलं, तर नंदाने हात धरला. "आई, आदी मूठ."

देवाच्याच मडक्यातून देवाची मूठ काढताना मला हसू आलं आणि रडूही. भावाला इतक्यात येत नाही असा निरोप धाडला आणि त्या ज्वारीवर आम्ही दोघींनी परीक्षा संपेपर्यंत भाकरी खाल्ली. शेवटचा पेपर देऊन आले त्या सोमवारी गल्लीत घंटा वाजली. तेवढ्या दिवसांच्या मुठींची साठलेली ज्वारी मी दोन्ही हातांनी झोळीत घातली. स्वामींनी नंदाला विभूती लावली आणि म्हणाले, "येतो माय, पुढच्या सोमवारी." महिन्याभराने विद्यावेतनही आलं. पुढे नोकरी लागली, घर उभं राहिलं.

हातातलं घट्ट धरलं की ते उरतं, असं मला वाटायचं. आमच्या घरी मात्र सोडलेली मूठच उरली. आजही ती रोज काढते, आणि डब्यात हात घालताना मला भीती वाटत नाही.