प्रवाळांवरची शेडनेट

पिंपळगाव बसवंत सोडले त्या सकाळी मी रडलो, असे माझा धाकटा भाऊ दत्तू गावभर सांगतो. हे साफ खोटे आहे. टेम्पोत ड्रायव्हरशेजारी मी स्वतःहून चढून बसलो. डोळ्यांत गेली ती रस्त्याची धूळ. रोपाची जागा बदलली की आठ दिवस त्याला काही विचारू नये, असे वडील म्हणत. नाशिक रोडला मुलाच्या फ्लॅटमध्ये आल्यावर मलाही तेवढीच मुभा हवी होती.

दत्तूची दुसरी कथा अशी, की करमेना म्हणून म्हाताऱ्याने सुनेची टाकी झाकली आणि प्रवाळे मारली. झाले ते असे.

सून प्राची खाऱ्या पाण्याच्या टाकीत जिवंत प्रवाळे वाढवते. जुना दिवा मंद होता. मुलाने मोठ्या हौसेने नवा एलईडी आणला. त्याचा जोर कमी-जास्त करण्याची सोय नव्हती. तिसऱ्या दिवशी पाचही प्रवाळे माथ्याकडून पांढरी पडू लागली. "ही गेली, तर मी पुन्हा टाकी भरणार नाही," प्राची म्हणाली.

मुलगा औषध शोधू लागला. मी म्हणालो, "आजार नाही रे, उन्हानं भाजलंय."

"अप्पा, ही द्राक्षं नाहीत."

"उजेडावरच जगतात ना? तुझीच बायको सांगते."

"सांगते खरी," प्राची म्हणाली. "अप्पांचं करून बघू."

गावी आमच्या द्राक्षांच्या नर्सरीतली कोवळी रोपे आम्ही कधी थेट उन्हात उघडी टाकली नाहीत. सामानासोबत आलेली शेडनेट, रोपांवर सावली धरायची जाळी, कापून मी दिव्याखाली चार पदर ताणले. चार-चार दिवसांनी एकेक काढायचा, असे ठरले. पहिल्यानंतर रंग परतताना दिसला आणि मी हुरळून दोन पदर एकदम उचलले. त्यात एक प्रवाळ गेले. ती घाई माझी. मी ती कधी नाकारली नाही. एक पदर पुन्हा ताणला. उरलेली चार तगली, आज झाकणाशिवाय आपल्या मूळ तपकिरी रंगात उभी आहेत. ती चार मात्र दत्तूच्या कथेत येत नाहीत.

परवा त्याचा फोन आला. "दादा, लय झालं शहर. आता घरी ये."

प्राचीने नवे प्रवाळ आणले आहे. ते टाकीच्या तळाशी, वाळूवर ठेवले आहे. दर आठवड्याला थोडे वर, उजेडाकडे सरकवायचे. ते काम तिने माझ्यावर सोपवले, एक गमावलेले डोळ्यांनी पाहूनही. चूक पोटात घालून तेच काम पुन्हा हाती देतात, त्या जागेला मी घर म्हणतो. दत्तूने हेही गावात सांगावे.