दुसऱ्या मजल्यावरचा खांब

काका कुणाच्याही घरी गेले की आधी वर बघायचे. यजमान दारात हात जोडून उभा, आणि यांची मान छताकडे. बीम कुठून कुठे गेलाय ते डोळ्यांनी मोजून झालं की मग खाली बघून विचारायचे, "वजन कुठे जातंय?" चहापाणी त्यानंतर.

तुमच्याही सोसायटीत असं एखादं माणूस असेल, ज्याला येताना बघून लोक उगाच मोबाइल कानाला लावतात. आमच्या शांती नगरातल्या चार मजली इमारतीत ते काका होते. ते दुसऱ्या मजल्यावर, मी तिसऱ्यावर, बरोबर त्यांच्या डोक्यावर. इमारतीच्या खांबांवर किती भार येतो याची गणितं करण्यातच त्यांची सगळी नोकरी सरली. निवृत्त झाले, पण गणित काही सुटलं नाही. गच्चीवर कुणाची हळद असली की विचारायचे, "माणसं किती? त्यातली नाचणारी किती?" बसलेला माणूस आणि नाचणारा माणूस खांबाला वेगळा लागतो, हे ते नवरदेवाच्या बापाला समजावत बसायचे. बाप बिचारा डीजेवाल्याला शोधत असायचा.

दोन वर्षांपूर्वी जिन्यातल्या छताचा मोठा पोपडा पडला. मी तेव्हा सेक्रेटरी. पालिकेच्या यादीतला इंजिनिअर बोलवायच्या आधी काकांनी एकदा बघावं, असं ठरलं. काका वही घेऊन घरोघर फिरले. "मूळ नकाशाचा भार मला ठाऊक आहे. नंतर तुम्ही काय चढवलंत, तेवढं सांगा."

कुणीही सांगितलं नाही. चौथ्या मजल्यावरच्या भाभी म्हणाल्या, "काका, हमने तो एक कील भी नहीं ठोकी." मी म्हणालो, "फक्त रंग काढलाय." खरं म्हणजे मी जुनी फरशी न उखडता तिच्यावर जाड नवी फरशी बसवली होती आणि बाथरूम भराव टाकून वीतभर उंच केलं होतं. सगळं उखडायला लावतील, ही भीती. काका सवयीने वर बघत होते, म्हणून मी वाचलो.

पंधरा दिवसांनी सभा भरली. घर सोडावं लागणार की राहूनच दुरुस्ती होणार, एवढंच सगळ्यांना ऐकायचं होतं. माझ्या मुलीचं बारावीचं वर्ष होतं.

काका उभे राहिले. "गणित म्हणतंय, राहून दुरुस्ती करा." लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांनी हात वर केला. "थांबा. काल मी माझा फ्रिज सरकवला."

मग त्यांनी सगळं सांगितलं. वीस वर्षांपूर्वी काकूंच्या नव्या फ्रिजचं दार पूर्ण उघडत नव्हतं, म्हणून त्यांनी स्वतःच्या स्वयंपाकघरातल्या खांबाची कड चार बोटं फोडून घेतली होती. त्या फोडलेल्या कडेतून ओल शिरून आतली सळई गंजून गेली होती. "दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मी त्याला सोडलं नसतं. पण ती म्हणाली, एवढंच तर मागतेय. तिला नाही म्हणवलं नाही." काकूंना जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. "माझ्या वहीत तो खांब अखंड धरलाय. म्हणजे पहिलं खोटं माझं. रिपोर्टात पहिली ओळ मी माझ्या नावाने लिहिली आहे. आता तुमचं सांगा."

माझ्या घराचं वजन त्याच खांबावर जात होतं, हे मला त्या क्षणी कळलं. मी उठलो आणि फरशीचं, बाथरूमचं सांगून टाकलं. लाजेने मान वर होत नव्हती. काका रागावले नाहीत. वही उघडून म्हणाले, "फरशीची जाडी किती, सेक्रेटरी?"

"काका, सामान रखने का माला है," भाभी हळूच म्हणाल्या. "ईंटों का." मग दोन तास एकेक जण सांगत राहिला.

नव्या गणितात इमारत खाली करायची ठरली. पालिकेच्या यादीतल्या इंजिनिअरनेही तपासून तेच सांगितलं. आठवड्यात काकांच्या स्वयंपाकघरात लोखंडी टेकू लागले. कुणी खारी गावात भाड्याने गेलं, कुणी भाईंदर पश्चिमेला. काका नाशिकला मुलीकडे गेले. मला त्यांचा राग आला होता, हेही सांगतो. ऐन परीक्षेत पोरीला घर सोडावं लागलं. पुढे कॉन्ट्रॅक्टरने प्लॅस्टर काढून तो खांब उघडा केला. सळईला बोट लावलं तर तिचा पापुद्रा हातात आला. त्यानंतर मी कधी कुरकुर केली नाही.

नाशिकहून त्यांचा दर रविवारी फोन यायचा. "फरशी उखडली का? दोन्ही थर?" मग एका रविवारी फोन आला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलीचा आला.

आम्ही राहायला परतलो त्या आठवड्यात ती घराची किल्ली घ्यायला आली. स्वयंपाकघरात उभी राहून तिने विचारलं, "बाबांचा तो खांब कुठला?" मी दाखवला. नवं काँक्रीट चढवून तो चांगला जाड झाला होता. तिने त्यावर तळहात टेकवला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

"आता टिकेल ना?"

मला गणितातलं काही कळत नाही.

"टिकेल," मी म्हणालो. "या वेळी आम्ही सगळ्यांनी त्यांना खरं सांगितलं होतं."