अंगानं भरलेली जाऊ

देवबागच्या काशीबाईंच्या दोन सुना. थोरली, गंगारामची बायको कावेरी, रोज डोक्यावर मासळीची पाटी घेऊन तारकर्लीपर्यंत दारोदार फिरायची. धाकटी जानकीही आधी तिच्यासोबत असे. पण एक्क्याऐंशी साली जानकीचा नवरा सदानंद मस्कतला गेला, आणि तिची पाटी सुटली.

दोन वर्षांत जानकीचे दंड असे भरले की बांगड्या साबण लावून चढवाव्या लागत. बारशाला गेली की बायका तिला पुढं बसवत. "अंगान भरलंस गो! सदानंदान बायलेक बरी ठेवल्यान." मग कावेरीकडे वळून, "तुका गंगाराम खावक घालीत नाय काय?"

कावेरीचा जळफळाट होई. जानकीच्या डब्यातलं वनस्पती तूप ती चोरून भाकरीवर थापून खायची. तरी अंगाला काही लागेना.

मग जानकीच्या पायात कालवाची शिंप घुसली. जखम चिघळत गेली. कावेरी तिला मालवणला घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, "रक्तात साखर वाढली आहे. वजन उतरवा. रोज चाला."

"पण गावात हिकाच सगळी बरी म्हणतत!" कावेरी म्हणाली.

"तीच तर अडचण आहे. पैसा आला, तुपाचे डबे आले, अंगमेहनत सुटली. असे पेशंट पूर्वी मुंबईत बघायचो, आता वाडीवाडीतून येतात."

कावेरीला आतून गुदगुल्या झाल्या. पण जानकीच्या पायाची करंगळी कापावी लागली, तेव्हा ती दवाखान्याच्या पायरीवर बसून रडली. घरी परतल्यावर मात्र पुन्हा तेच. सगळी वाडी जानकीला बघायला येई. पाय धुऊन पट्टी बांधणाऱ्या कावेरीची कोणी साधी विचारपूसही करत नसे.

जखम भरल्यावर जानकी म्हणाली, "वैनी, माका तुझ्यावांगडा ने."

"माझी गिरायका फोडशीत तू."

"पाटी तूच घे. माका नुसता चलाचा आसा."

आणि झालं तसंच. दारादारांत बायका जानकीशीच बोलत बसत. कावेरी रागानं मासळी मोजून टाकी आणि तरातरा पुढं निघे. मागून जानकीची धाप ऐकू येई.

जानकीची साखर हळूहळू आटोक्यात आली. कावेरीचा मत्सर मात्र आटोक्यात आला नाही. पण धाप फार वाढली की ती सुरूच्या सावलीत पाटी उतरवून थांबायची, आणि करवादायची, "चल गो बेगीन, मासळी नासतली!"