बांध ऐकणारी

तिला सगळे बांधवाली म्हणायचे. स्वतःचं नाव तिला फक्त मतदानाच्या दिवशी ऐकू यायचं, आणि त्याचं तिला काही वाईटही वाटत नसे. काम तसंच होतं. अकरा किलोमीटरचा मातीचा बांध, वर खडीची वाट. एका हाताला समुद्र, म्हणजे भरतीला समुद्र आणि ओहोटीला कोसभर नुसता चिखल. दुसऱ्या हाताला समुद्राकडून हिसकावून घेतलेली सखल जमीन, शेतं, लव्हाळ्यांची डबकी, पाणी सोडायची लोखंडी दारं, आणि अगदी खोलात खालची वस्ती. भरती चढली की वस्तीतली घरं पाण्याच्या पातळीपेक्षा पुरुषभर खाली असायची. त्याच वस्तीत तिने एकुलती एक मुलगी दिली होती. आता बोला.

रोज सकाळी सायकलवरून बांध ऐकून यायचा, हे तिचं काम. बघून नव्हे, ऐकून. खाली माती घट्ट असली की खडी टायरखाली करकर वाजते. आतून पाण्याने माती खाल्ली असेल, तर तीच खडी ढबढब करते. वरून काही म्हणजे काही दिसत नाही. तिचा बाप हेच करायचा आणि म्हणायचा, बांध डोळ्याने बघणारा बुडतो. बापाचा कान तिच्याकडे आला, आणि कचेरीने मुकाट्याने नोकरीही दिली.

ढबढब ऐकू आली की तिथे लाल फडक्याची काठी रोवायची. काठी दिसली की खालच्या वस्तीने चूल विझवायची आणि वरच्या शाळेच्या मैदानावर जायचं. का, कशाला, असं विचारायचं नाही. पण काठी दोनदा खोटी ठरली तर रोवणाऱ्याची नोकरी जायची. बरोबरच आहे, नाहीतर जो तो उठून काठ्या रोवत सुटेल.

पंचवीस वर्षांत तिची एकही काठी खोटी ठरली नव्हती. मग जावयाने हौसेने तिच्या सायकलला जाड टायर बसवून दिले, खडीवर घसरत नाहीत म्हणून. जावई भला माणूस, त्याच्या काय डोक्यात येणार! दुसऱ्या दिवशी वळणापाशी नवी खडी लागली आणि चाकाखाली ढबढब सुरू झाली. तिने मागचापुढचा विचार न करता काठी रोवली. वस्ती दिवसभर उन्हात मैदानावर बसली. संध्याकाळी ती कचेरीत वर्दी द्यायला गेली, तर कचेरीच्या अंगणातल्या खडीवरही तीच ढबढब. कचेरीच्या खाली काही समुद्र नव्हता. टायरच तसे वाजत होते.

हसं व्हायचं ते झालं. मुलीची सासू तर चारचौघांत म्हणाली की विहीणबाईंना आता घरातल्या पिठाच्या डब्यातही समुद्र ऐकू येतो. बांधवालीने जाड टायर काढून फेकले, जुने बारीक चढवले आणि तोंड मिटून कामाला लागली.

तीन आठवड्यांनी मागे सायकल वाजू लागली.

सकाळचं धुकं होतं. चौथं दार ओलांडलं तेव्हा तिच्या चाकांच्या करकरीमागे दुसरी करकर आली. बारीक टायर, आणि चाकाच्या दर फेऱ्याला एकदा टक् करणारी चेन. असेल कोणी खेकडेवाला, असं म्हणून ती थांबली. मागची सायकल आणखी दोन फेरे आली आणि थांबली. ती निघाली, तीही निघाली. वळण सरलं आणि आवाज संपला.

दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन होतं. मागे दोन किलोमीटरची वाट आरशासारखी स्वच्छ दिसत होती. एक बगळा सोडला तर वाटेवर कोणी नव्हतं. आणि मागून सायकल येतच होती. ती उतरली, मागे चालत गेली, ओल्या मातीत पाहिलं. चाकाची खूण एकच, तिची. ती भित्री नव्हती हो, पण त्या दिवशी परतीला तिने घंटी वाजवत वाजवत बांध पार केला, एवढ्या उजेडात.

बाप एकदा सांगून गेला होता की माती फार आत खोलवर पोखरली गेली, तर बांध आपलाच आवाज उशिरा परत देतो. पण तिच्या सायकलची चेन टक् करत नव्हती. मग हा आवाज कुणाचा? पोकळीचा म्हणावा तर ती टक्‌टक् कसली, आणि भुताचा म्हणावा तर काठी कशी रोवायची? चार रात्री तिचा डोळ्याला डोळा लागला नाही. शेवटी ती मुलीकडे गेली आणि सगळं सांगितलं.

मुलगी बाळाला पाजत होती. तिने मान वर केली नाही. "आई, पुन्हा काठी रोवू नकोस. मला याच घरात राहायचंय."

बांधवालीने दुसऱ्या दिवशी आवाज सुरू व्हायचा तिथे, चौथ्या दारापाशी, काठी रोवली. दुसरं करणार काय! नोकरी एका पारड्यात आणि ते बाळ एका पारड्यात. वस्ती कुरकुरत वर गेली. कचेरीने काठीपाशी दोन पुरुष उंचीएवढं खोल खणलं. माती घट्ट, कोरडी, सुरी घुसेना अशी. साहेब वाईट नव्हता, त्याने तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि मग कागदावर सही घेतली. मुलगी महिनाभर आईच्या घरी फिरकली नाही.

तिच्या जागी दारांना वंगण घालणारा मिस्त्री लागला. चाळिशीचा, कमी बोलणारा. एका सकाळी तो तिच्या दारात येऊन उभा राहिला. चेहरा पांढराफटक. पाणी घेतलं नाही, बसला नाही.

"ताई, तुमच्या मागे कोणी यायचं का हो?"

तिला आधी आनंद झाला. हो, आनंदच, खोटं कशाला बोलायचं! आपण वेड्या नाही एवढंच तिला कळलं, आणि तिचे डोळे भरून आले. मग ती म्हणाली, "येतं. आपण थांबलो की थांबतं."

"आता थांबत नाही," मिस्त्री म्हणाला. "आज मला ओलांडून पुढे गेलं."

मिस्त्री चाचरत म्हणाला की काठी रोवायची हिंमत होत नाही, तिचं काय झालं ते साऱ्या गावाने पाहिलंय, आणि घरी चार तोंडं आहेत.

"रोवा," ती म्हणाली. "कोणी विचारलं तर सांगा, तिनेच रोवली. माझं आता काय जायचंय?"

मिस्त्री काठी घेऊन बांधाकडे वळला, आणि ती तशीच, पायात चप्पल न घालता, खालच्या वस्तीकडे निघाली. मुलीच्या दारात पोचली तेव्हा तिला धाप लागली होती. मुलीने आईच्या तोंडाकडे एकदा पाहिलं, गॅस बंद केला आणि बाळ उचललं. सासू काहीतरी बोलायला आली, पण सून थांबली नाही म्हणून तीही मागून निघाली. दुधाने तोंड पोळलेली वस्ती ताक फुंकत, शिव्या घालत, पण आली. पुन्हा खोटंच निघेल आणि मग बाईला चांगलं झापू, एवढ्यासाठीही काही जण आले.

भर दुपारी भरती चढली. वारा पडला होता, मैदानावर पोरंसुद्धा गप्प झाली होती. तेवढ्यात बांधावरून आवाज आला. खडीवरून चाललेली सायकल, सावकाश, दर फेऱ्याला एकदा टक्. सगळ्यांनी तिकडे पाहिलं. मिस्त्रीची सायकल शाळेच्या भिंतीला टेकलेली होती. बांधवालीची तिच्या घरी. बांधावर चिटपाखरू नव्हतं.

विहीणबाई तिच्याजवळ सरकल्या आणि हळूच म्हणाल्या, "हेच का हो?"

"हेच."

आवाज वळणापर्यंत गेला आणि थांबला. तिच्या मागच्या काठीच्या बराच पलीकडे, जिथे कोणीच खणलं नव्हतं, तिथे बांध खाली बसला आणि समुद्र आत आला. मुलीच्या घराचं कौल दिसेनासं होईपर्यंत सगळे बघत राहिले. मग मिस्त्रीने माणसं मोजायला घेतली, आणि बांधवालीने बाळ आपल्याकडे घेतलं.