दारावरचे अंगठे

जळगाव-धुळे बसमध्ये माझ्या शेजारी बसलेल्या आबांचा अंगठा एरंडोलपासून थांबला नव्हता. मोबाईलवर जे येईल त्याला लाईक. वाढदिवस, अपघात, केळीचे भाव, सगळ्याला तोच अंगठा, आणि दर वेळी तो आधी धोतराला पुसून घ्यायचा.

मग कुणीतरी टाकलेला माझाच लेख आला. हवामान बदलतंय हे शेतकऱ्याला त्याच्या भाषेत कसं सांगावं, या अभ्यासात मी उमेदीची वर्षं घातली होती. आबांनी अंगठा पुसला, टेकवला आणि लेख वर सरकवून दिला.

माझं डोकंच फिरलं. "आबा, वाचलं तरी का?"

"वाचानं कसाले?" आबा शांतपणे म्हणाले. "आपुन मयतीना दारवर बसाले जातस, तठे मानूस कसा मरना हाई इचारतस का? हात जोडानं नि उठानं."

पारोळ्याला ते उतरून गेले.

त्या लेखाला खूप लाईक मिळाले म्हणून कॉलेजात माझा सत्कार झाला. शाल, नारळ, भाषणं. लेख एकानेही वाचला नव्हता. मोबाईलवर अंगठे वाढतच होते, आणि मला दिसत होत्या दाराबाहेर वाढत चाललेल्या चपला.