रणगाडा पुढं सरकत नव्हता

कृष्णात वीस वर्षं फौजेत सिग्नलमध्ये होता. बर्फात, वाळवंटात, जिथं पाठवलं तिथं त्यानं वायरलेस सेट चालू ठेवला. हवालदार होऊन साताऱ्याला परतला आणि एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या गेटवर सिक्युरिटीला लागला. सुट्टीच्या दुपारी मात्र तो कॉम्प्युटरपुढून हलायचा नाही. त्याच्या युनिटमधला गुंडा सांगलीला राहायचा. दोघं हेडफोन लावून रणगाड्यांचा ऑनलाइन गेम खेळायचे. वायरलेस कीबोर्ड साक्षीनं, त्याच्या मुलीनं, तिच्या पहिल्या पगारातून आणला होता.

मार्चमध्ये गुंडा ओरडायला लागला, "गड्या, झोपलास काय? रणगाडा हालव की!"

"दाबतोय रं. कीबोर्डच दगा देतोय."

कृष्णातनं तपास सुरू केला. आधी सेल बदलले. मग कॉम्प्युटरच्या मागं खोचलेला कीबोर्डचा रिसीव्हर काढून पुढच्या बाजूला लावला, म्हणजे मधे लोखंडी डब्याचा आडोसा नको. शेजारचा पेनड्राइव्ह काढला. वायफायचा राउटर खिडकीत नेऊन ठेवला. तरी डाव्या हाताखालची बटणं मधूनच लागायची नाहीत. रणगाडा उघड्या मैदानात थांबायचा आणि फुटायचा.

"पप्पा, दुसरा घेऊ," साक्षी म्हणाली.

तो चिडला. "वायरलेस काय असतंय ते मला शिकवू नको."

शेवटी कीबोर्ड काखेत मारून तो रुमानाच्या दुकानात गेला. कॉम्प्युटर दुरुस्तीचं ते छोटं दुकान रुमाना एकटीच चालवायची. तिनं कीबोर्ड जोडला आणि पडद्यावर कीबोर्डचं चित्र उघडलं. बटण दाबलं की तेच अक्षर पडद्यावर उजळायचं. तिनं एकूण एक बटण तपासलं. सगळी उजळली.

"काका, याला काही झालेलं नाही. तुम्ही दाबून दाखवा बरं."

कृष्णातनं खेळताना ठेवतो तशी बोटं ठेवली. पुढं जायचं अक्षर उजळलं, विझलं, मग उजळलंच नाही.

"बघ! गेलं का न्हाई? बघ!"

रुमाना पडद्याकडं बघतच नव्हती. त्याचं बोट बटणावर टेकलं होतं, पण बटण खाली गेलं नव्हतं. अंगठा आणि बोटाच्या मधलं मांस खोल गेलं होतं. तिनं आपलं बोट त्याच्या बोटावर ठेवून दाबलं. अक्षर उजळलं.

कृष्णात म्हणाला, "परत दाब."

तिनं परत दाबलं. परत उजळलं.

"काका, शर्टाची बटणं लावायला वेळ लागतो का?"

"थंडीपास्नं," तो म्हणाला. हे त्यानं घरात कुणालाच सांगितलं नव्हतं.

"डॉक्टरांना दाखवा. लवकर."

पुण्याच्या डॉक्टरांनी महिनाभर तपासण्या केल्या. स्नायूंना चालवणाऱ्या नसा मरत होत्या आणि त्याला औषध नव्हतं. गेटवरची नोकरी सुटली. रुमानानं घरी येऊन गेमची सगळी कामं उजव्या हाताखालच्या बटणांना लावून दिली. दिवाळीपर्यंत तेवढ्यावर चाललं.

मग गुंडा दर रविवारी एसटीनं यायला लागला. कृष्णातच्या खुर्चीत तो बसायचा आणि शेजारून कृष्णात हुकूम द्यायचा, "डावीकडं घे. थांब. आता मार." उन्हाळ्यात कृष्णातची जीभ जड झाली. शब्द कळेनात, तरी गुंडा "व्हय, व्हय" म्हणत मनाला येईल तिकडं वळवायचा. एका रविवारी रणगाडा फुटला. कृष्णातचा चेहरा लाल झाला. तो काहीतरी पुन्हा पुन्हा सांगत होता. साक्षीनं त्याच्या तोंडाला कान लावला.

"काका, बंद करा म्हणतायत."

गुंडानं बंद केलं. त्यानंतरही तो येत राहिला, चमच्यानं चहा पाजायचा, पण कॉम्प्युटर कुणी चालू केला नाही.

श्रावणात कृष्णात गेला. सत्तेचाळीस वर्षांचा होता. महिन्यानं साक्षी कॉम्प्युटर घेऊन रुमानाच्या दुकानात आली. तिला तो आता घरात नको होता.

"आतलं सगळं पुसून टाकू?" रुमानानं विचारलं.

"टाका," साक्षी म्हणाली, आणि पुसून होईपर्यंत तिथंच उभी राहिली.